वर्तनाचे शास्त्र आणि एक मुख्याध्यापक

(केंद्रसंमेलनात प्राथमिक शिक्षकांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मागील संमेलनात चहापानाच्या वेळी एका गुरुजींनी मला एक प्रश्न केला. त्यांच्या शाळेतून शिकून गेलेली एक मुलगी आता अकरावीत आहे. माणूस असा का वागतो आणि त्या वागण्याचा मेंदूशी संबंध काय, हे जेथे शिकवतात तेथे मला जावयाचे आहे, असे ती म्हणते. तिला काय सांगावे, हा त्यांचा प्रश्न होता. उत्तराचा व्यावहारिक भाग थोडक्यात सांगता येण्यासारखा आहे. या शास्त्रास मज्जामानसशास्त्र म्हणतात. त्याकडे जाण्याच्या दोन वाटा आहेत, एक मानसशास्त्राच्या पदवीची व दुसरी वैद्यकाची. आपल्या देशात बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत या विषयाचे उच्च शिक्षण व संशोधन चालते. परंतु त्या प्रश्नाचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटला. असली जिज्ञासा माणसाच्या मनात उत्पन्न कोठून होते? प्रयोगशाळेत होते, असे आपण सहज समजतो. या शास्त्राचा पाया ज्यांनी घातला त्यांपैकी एका थोर पुरुषाच्या बाबतीत मात्र ती वर्गात उत्पन्न झाली, आणि तो वर्ग प्राथमिक शाळेचा होता. त्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावी असे योजले आहे.

डोनाल्ड हेब हे त्यांचे नाव. कॅनडा देशाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे. तेथील चेस्टर या लहानशा गावी 1904 साली त्यांचा जन्म झाला. आई व वडील दोघेही डॉक्टर होते. आईवर माँटेसोरीबाईंच्या विचारांचा प्रभाव होता व मुलाला वयाच्या आठव्या वर्षापर्यंत तिने घरीच शिकविले. (त्याच माँटेसोरी पद्धतीला आपल्या मातीचे रूप देऊन ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले, हे आपणांपैकी बहुतेकांस ठाऊक आहेच.) 1925 साली हेब पदवीधर झाले, तेव्हा त्यांना व्हावयाचे होते कादंबरीकार. कादंबरीने पोट भरत नाही म्हणून ते आपल्याच गावी शाळामास्तर झाले. पुढे काही काळ त्यांनी शेतावर काम केले, मजुरीही केली. याच सुमारास फ्रॉइडचे ग्रंथ त्यांच्या वाचनात आले आणि मनाचा अभ्यास करावा असे त्यांनी ठरविले. 1928 साली माँट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात त्यांनी नाव घातले. आणि उदरनिर्वाहासाठी त्याच शहरातील व्हर्डन या वस्तीतील एका प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापकपद पत्करले. दिवसा मुख्याध्यापक आणि उरलेल्या वेळात विद्यार्थी, असा तो क्रम होता. नोकरी सांभाळून पदव्युत्तर परीक्षेस बसणारे जे शिक्षक आज या मंडपात आहेत, त्यांना त्यातील ओढाताण निराळी सांगावयास नको.

या शाळेत त्यांनी जे केले ते ऐकून आजही आश्चर्य वाटते. शाळेत सहा ते पंधरा वर्षे वयाची सुमारे सहाशे मुले होती. मुख्याध्यापकांनी एके दिवशी जाहीर केले की, यापुढे कोणावरही अभ्यासाची सक्ती नाही. ज्याला करावयाचा त्याने करावा, ज्याला नको त्याने करू नये. मात्र दुसऱ्याच्या कामात जो व्यत्यय आणील त्याला शिक्षा होईल, आणि ती शिक्षा म्हणजे मैदानावर जाऊन खेळणे! उलट, जो नीट वागेल त्याला बक्षीस म्हणून आणखी अभ्यास करू दिला जाईल. एक-दोन दिवसांतच मुलांना असे आढळून आले की, काही न करता बसण्यापेक्षा काम करणे आपल्याला अधिक आवडते. त्या वर्षी मुले गणित वगैरे विषय पूर्वीच्या वर्षांपेक्षा अधिक शिकली, असेही हेब यांनी नमूद करून ठेवले आहे. हा वृत्तांत त्यांनी 1930 साली शिक्षकांच्या एका मासिकात प्रथम लिहिला, आणि पंचवीस वर्षांनी, जगप्रसिद्ध झाल्यावर, एका शास्त्रीय निबंधात त्याचा पुन्हा उल्लेख केला. आपल्या शाळेत मिळालेला पुरावा त्यांनी क्षुल्लक मानला नाही.

या प्रयोगाची जशीच्या तशी नक्कल उद्यापासून करावी असे मी सुचवीत नाही. ती शहरातील मोठी शाळा होती, प्रत्येक वर्गाला स्वतंत्र शिक्षक होता, आणि हेब यांनी स्वतःही "काही मर्यादेत" हे शब्द जपून वापरले आहेत. दोन शिक्षकांनी पाच वर्ग सांभाळावयाचे तेथे मैदानाकडे कोण पाहणार? परंतु त्यातील तत्त्व समजून घेण्यासारखे आहे. शिक्षा म्हणून आपण मुलाला धडा दहा वेळा लिहावयास लावतो आणि बक्षीस म्हणून लवकर सोडतो. त्यामुळे लिहिणे ही शिक्षा आणि सुटका हे सुख, हा पाठ मूल आपल्याकडूनच शिकते. शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली आहे, हे खरे. धडा दहादा लिहून घेण्यास मात्र कोणत्याही कलमाचा अडथळा येत नाही, म्हणून ते अद्याप चालू आहे.

हेब यांचा पुढील मार्ग सुखाचा नव्हता. कटिसंधीच्या क्षयाने त्यांना दीर्घकाळ अंथरुणास खिळविले. एम. ए. चा प्रबंध त्यांनी बिछान्यावर पडल्या पडल्या लिहिला. 1933 साली, त्यांच्या एकोणतिसाव्या वाढदिवशी, मोटार अपघातात त्यांची पत्नी दगावली. पुढच्या वर्षी त्यांनी माँट्रियल सोडले आणि कार्ल लॅशली या मेंदुशास्त्रज्ञाच्या हाताखाली प्रथम शिकागो व नंतर हार्वर्ड येथे अभ्यास करून 1936 साली डॉक्टरेट मिळविली. 1937 मध्ये ते माँट्रियलला परतले ते वाइल्डर पेनफील्ड या विख्यात शल्यविशारदाच्या संस्थेत. पेनफील्ड हे अपस्माराच्या, म्हणजे आपण ज्यास फेफरे म्हणतो त्या रोगाच्या रुग्णांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करीत. रोगट भाग काढून टाकल्यावर रुग्णाच्या बुद्धीवर काय परिणाम झाला, हे तपासण्याचे काम हेब यांच्याकडे होते.

तेथे त्यांना एक कोडे पडले. प्रौढ माणसाच्या कपाळामागील मेंदूचा बराचसा भाग काढला तरी बुद्ध्यंकात फारशी घट दिसेना. असे का व्हावे? त्यांनी काढलेला निष्कर्ष शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावा. लहानपणी बुद्धीची घडण होण्यास मेंदूचा जेवढा भाग व जेवढा अनुभव लागतो, तेवढा एकदा घडलेली बुद्धी वापरण्यास लागत नाही. बांधकामास लागणारी परांची घर उभे राहिल्यावर काढता येते, तसाच हा प्रकार. याचाच अर्थ असा की, मोठेपणी झालेल्या नुकसानीपेक्षा बालपणी न मिळालेला अनुभव अधिक महाग पडू शकतो.

या विचाराची परीक्षा त्यांनी पुढे आपल्या घरातच घेतली. प्रयोगशाळेतील उंदरांची काही पिले त्यांनी घरी नेऊन मुलींच्या स्वाधीन केली. मुलींनी ती हौसेने पाळली. ती घरभर हिंडली, खुर्च्या-टेबलांखालून धावली. त्याच जातीची दुसरी पिले प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांत वाढली. पुढे दोन्ही गटांना चक्रव्यूहातून वाट काढावयास लावले, तेव्हा घरी वाढलेले उंदीर सरस ठरले. एवढेच असते तर नवल नव्हते. परंतु परीक्षा जसजशी पुढे गेली तसतसा त्यांचा सरसपणा वाढत गेला. म्हणजे त्यांना केवळ अधिक माहीत होते असे नसून नवे शिकणेच त्यांना अधिक जमत होते. उंदरावरून माणसाविषयी अनुमान काढताना जपून पाऊल टाकले पाहिजे हे मान्य. तरी, पहिलीत येणारी दोन मुले "शाळा शिकलेली नाहीत" म्हणून एकाच पाटीवर मोजण्याची आपली सवय यामुळे थोडी ढळावयास हवी. रानात, बाजारात, वाड्यावर हिंडलेले मूल आणि एका खोलीत कोंडून वाढलेले मूल, ही दोन्ही मुले अक्षरओळखीच्या बाबतीत कोरी असली तरी समान नसतात.

उलट बाजूचा प्रयोग मॅकगिल विद्यापीठात 1951 ते 1954 या काळात झाला. महाविद्यालयीन तरुणांना दिवसाला वीस डॉलर देऊन त्यांनी काहीच न करता नुसते बिछान्यावर पडून राहावयाचे होते. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांत मोजे व पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांशी यंत्राची एकसुरी घरघर. भोजन व देहधर्म यांपुरती काय ती सूट. पैसे उत्तम, काम शून्य. तरीही बहुतेकांनी दोन-तीन दिवसांत माघार घेतली. विचार एकाग्र होईनात, साध्या परीक्षांत चुका होऊ लागल्या, कित्येकांना नसलेली चित्रे डोळ्यांपुढे दिसू लागली. (या माहितीचा पुढे कैद्यांच्या छळासाठी दुरुपयोग झाला, ही या शास्त्राच्या इतिहासातील काळी बाजू होय.) निरोगी मेंदूलासुद्धा आपले कार्य नीट चालविण्यासाठी बाहेरून बदलते, विविध अनुभव सतत मिळावे लागतात, हे त्यातून दिसून आले. चाळीस मिनिटे एकाच सुरात वाचून दाखविलेल्या धड्याची आठवण मला येथे होते, ती मी बोलून दाखवीत नाही.

1949 साली हेब यांचा "वर्तनाची संघटना" या अर्थाच्या शीर्षकाचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या उपशीर्षकात मज्जामानसशास्त्र हा शब्द होता आणि या ग्रंथामुळेच तो विद्वानांत रूढ होण्यास मोठे साहाय्य झाले. त्यातील मुख्य कल्पना अशी : एक मज्जापेशी दुसरीला वारंवार चेतवीत राहिली, म्हणजे त्या दोहोंमधील सांध्यात काही वाढ किंवा बदल घडून येतो व पुढच्या वेळी तेच चेतविणे अधिक सुलभ होते. रोज त्याच बांधावरून माणसे गेली की पायवाट पडते, तसे काहीसे. त्या काळी हे केवळ अनुमान होते. 1973 साली ब्लिस व लोमो या दोन संशोधकांनी सशाच्या मेंदूत, वारंवार चेतविलेल्या सांध्यांची शक्ती खरोखरच वाढते व ती तासन्तास टिकते, हे दाखविले. उजळणीला मेंदूत शारीरिक आधार आहे, असे आता निःशंकपणे म्हणता येते. पण कोणत्या उजळणीला? येथे हेब यांच्या एका विद्यार्थिनीची हकीकत सांगणे अवश्य आहे.

ब्रेंडा मिल्नर यांचा जन्म 1918 साली इंग्लंडमधील मँचेस्टर येथे झाला. केंब्रिजला त्या गेल्या गणितासाठी. गणितात आपण फार मोठी मजल मारणार नाही असे वाटल्यावरून त्यांनी मानसशास्त्र घेतले. 1944 साली त्या पतीबरोबर कॅनडात आल्या, आणि अध्यापन करीत असतानाच हेब यांच्या वर्गाला बसू लागल्या. हेब यांच्या सूचनेवरून 1950 मध्ये त्यांनी पेनफील्ड यांच्या रुग्णांचा अभ्यास आरंभिला. (त्या अकरावीतील मुलीला हे अवश्य सांगावे : एक गुरू साहित्यातून आला व शिष्या गणितातून; या शास्त्रात प्रवेश करण्यास अमुकच दरवाजा आहे असे नाही.) पेनफील्ड यांच्या दोन रुग्णांची स्मृती शस्त्रक्रियेनंतर विलक्षण क्षीण झाल्याचे त्यांना आढळले. तो वृत्तांत वाचून अमेरिकेतील हार्टफर्ड येथील शल्यविशारद विल्यम स्कोव्हिल यांनी कळविले की, माझ्याकडेही असाच एक रुग्ण आहे. मिल्नरबाई आगगाडीने हार्टफर्डला गेल्या.

हा रुग्ण म्हणजे हेन्री मोलेसन. तो हयात होता तोवर शास्त्रीय वाङ्मयात त्याचे नाव केवळ "एच. एम." या आद्याक्षरांनी येत असे. वयाच्या दहाव्या वर्षापासून त्याला अपस्माराचे लहान झटके येत, पुढे मोठे येऊ लागले. सोबतीच्या मुलांच्या चेष्टेला कंटाळून त्याने एकदा शाळाही सोडली होती. 1953 साली, सत्ताविसाव्या वर्षी, स्कोव्हिल यांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडील हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा बराच अंश व त्याच्या शेजारचा भाग काढून टाकला. झटके कमी झाले; पण त्या दिवसापासून नव्या घटनांची स्मृती साठणे थांबले. तीच मासिके तो पुन्हा पुन्हा वाची व प्रत्येक वेळी ती त्याला नवी वाटत. मिल्नरबाई वर्षानुवर्षे त्याच्याकडे जात राहिल्या. प्रत्येक भेट त्याच्या दृष्टीने पहिलीच असे. आणि बुद्ध्यंक? शस्त्रक्रियेपूर्वी 104 होता, नंतर 112 भरला. बुद्धी शाबूत, स्वभाव सौम्य, भाषा उत्तम. केवळ नवी आठवण धरून ठेवण्याचे साधन नष्ट झालेले.

एकदा मिल्नरबाईंनी त्याला 584 ही संख्या लक्षात ठेवण्यास सांगितले. पंधरा मिनिटांनंतर विचारले असता त्याने ती बिनचूक सांगितली. कशी ठेवलीस असे विचारता तो म्हणाला की, आठ तेवढे लक्षात ठेवावयाचे. पाच, आठ व चार यांची बेरीज सतरा. सतरातून आठ गेले, नऊ उरले. नवाचे दोन भाग केले की पाच आणि चार. सारा वेळ तो मनातल्या मनात हेच घोळवीत होता. मिनिटभराने त्याचे लक्ष दुसरीकडे वेधले गेले आणि संख्या तर नाहीशी झालीच, परंतु आपणास एखादी संख्या लक्षात ठेवावयास सांगितली होती हेही त्याला आठवेना. लक्षात धरून ठेवणे आणि स्मृतीत साठविणे या दोन भिन्न क्रिया असून त्यांची साधनेही भिन्न आहेत, याचा असा स्पष्ट पुरावा पूर्वी मिळाला नव्हता. तपासणीस साहेब येण्याच्या आदल्या दिवशी घोकून घेतलेल्या पाढ्याचे दुसऱ्या आठवड्यात काय होते, हे आपण पाहतोच. मुलाचा हिप्पोकॅम्पस शाबूत असतो म्हणून त्याची अवस्था हेन्रीसारखी होत नाही. परंतु तोंडाने सतत चाललेली घोकंपट्टी म्हणजे साठवण नव्हे. काल शिकलेले आज न पाहता आठवावयास लावणे, चार दिवसांनी पुन्हा आठवावयास लावणे, यांत अधिक लाभ आहे. आणि त्याला खडू-फळ्याखेरीज काही लागत नाही.

दुसरा प्रयोग याहून नवलाचा. कागदावर दुहेरी रेषांची चांदणी काढलेली. त्या दोन रेषांच्या मधून पेन्सिल फिरवावयाची, पण हात दिसू द्यावयाचा नाही. पाहावयाचे ते फक्त आरशात. आपणांपैकी कोणीही करून पाहावे, पहिल्या खेपेस पेन्सिल भलतीकडेच जाते. हेन्रीने तीन दिवस ओळीने हा सराव केला. दरदिवशी त्याच्या चुका घटत गेल्या आणि आदल्या दिवशी जमलेले दुसऱ्या दिवशी टिकून राहिले. तथापि आपण हे पूर्वी कधी केले आहे, याची त्याला प्रत्येक दिवशी दाद नव्हती. हे कठीण जाईल असे वाटले होते, पण बरेच जमले की, असे त्याने शेवटी आश्चर्याने उद्गार काढले. हाताचे कौशल्य मेंदूच्या निराळ्या भागांत वसते. अक्षर सुवाच्य असलेला, सुतारकामात तरबेज, परंतु इतिहासाचा धडा न आठवणारा मुलगा आपल्या वर्गात असतो. त्याला सरसकट "मठ्ठ" म्हणणे हे मेंदूच्या रचनेला धरून नाही. हा वृत्तांत मिल्नरबाईंनी 1962 साली प्रसिद्ध केला. हेन्री 2008 साली निवर्तला. पुढील वर्षी त्याच्या मेंदूचे अतिशय पातळ असे 2401 छेद घेऊन ते अभ्यासासाठी जपून ठेवण्यात आले.

आता हेन्रीच्या दहाव्या वर्षाकडे, म्हणजे आपल्या चौथी-पाचवीच्या वर्गाकडे परत येतो, कारण आज सांगण्यासारखे सर्वांत निकडीचे तेच आहे. अपस्मार म्हटले की मूल कोसळते, हातपाय झाडते, तोंडाला फेस येतो, एवढेच चित्र आपल्यापुढे उभे राहते. परंतु चार ते दहा या वयात सुरू होणारा एक प्रकार याहून अगदी निराळा आहे. मूल वाचता वाचता किंवा वाक्य बोलता बोलता मध्येच थांबते, शून्यात पाहते, पापण्या किंचित फडफडतात, आणि दहा-पंधरा सेकंदांनी जणू काही झालेच नाही अशा रीतीने पुढे वाचू लागते. ते पडत नाही, रडत नाही. असे दिवसातून अनेक वेळा घडू शकते. तेवढ्या अवधीत सांगितलेले त्याच्या कानी पोचतच नाही. मग शुद्धलेखनात मधलेच शब्द गळतात, गणितातील एक पायरी सुटते, आणि "लक्ष कोठे आहे?" म्हणून आपण त्याच्यावर ओरडतो. स्वप्नात रमलेले मूल नावाने हाक मारल्यावर किंवा खांद्याला हात लावल्यावर भानावर येते. झटका आलेले मूल तो सरेपर्यंत येत नाही. ही साधी पारख पुष्कळदा उपयोगी पडते. निदान मात्र डॉक्टरांनीच करावयाचे. औषधाने हे झटके बहुधा आटोक्यात येतात व पुष्कळ मुलांत वयात येता येता ते थांबतातही.

मोठा झटका वर्गात आला, तर मुलाला कुशीवर वळवावे, डोक्याखाली काही मऊ द्यावे, भोवतीची गर्दी हटवावी व घड्याळ पाहावे. दातांत चमचा घालू नये, पाणी पाजू नये. कांदा किंवा वहाण हुंगविण्याने काहीही साधत नाही. पाच मिनिटांत थांबला नाही तर 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा रोग संसर्गजन्य नाही, तेव्हा त्या मुलाला वेगळे बसविण्याचे कारण नाही. पालकांशी बोलावयाचे ते चारचौघांत बोलू नये. मुलगी असल्यास तिच्या लग्नाची चिंता आईच्या मनात प्रथम येते, हे ओळखून शब्द योजावेत.

लहान झटक्यांची शंका आल्यास एक वेगळी वही करावी. तारीख, वेळ, मूल त्या वेळी काय करीत होते, किती सेकंद गेले आणि हाकेला ओ दिली की नाही, एवढेच लिहावे. मत लिहू नये. आठवडाभराच्या नोंदी झाल्या की पालकांसह प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या दाखवाव्यात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून चालू आहे. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते व त्याच्या यादीत झटक्यांच्या विकाराचाही समावेश आहे. अशा झटक्याची मुलाला स्वतःला आठवण नसते, आणि घरी कामाच्या रगाड्यात तो कोणाच्या ध्यानी आलेला नसतो. म्हणून पथक येईल त्या दिवशी ती वही हजेरीपटाशेजारी काढून ठेवलेली असावी.